हात वर करणारी पाच मुलं आणि बाकीचा वर्ग

आठवीचा वर्ग, पट ४८. धडा शिकवून झाला की शिक्षक विचारतात, "समजलं का?" एका सुरात "होऽऽ सर" येतं. "काही शंका?" यावर शांतता. मग एखादा प्रश्न येतो, पाच-सहा हात वर होतात, दर वेळी तेच. त्यातल्या एकाला उभं केलं जातं, उत्तर बरोबर येतं आणि धडा पुढे सरकतो. उरलेल्या बेचाळीस जणांना काय समजलं हे कुणालाच कळलेलं नसतं, बऱ्याचदा त्यांचं त्यांनाही नाही. ते कळतं घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतल्यावर, आणि तोवर पुढचे दोन धडे होऊन गेलेले असतात.

मुलांनी शिकण्यात भाग घ्यावा असं म्हटलं की डोळ्यांसमोर तक्ते, खेळ, गटकार्य, नाटुकली येतात. त्यात वाईट काही नाही. पण हात चालणं आणि डोकं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुठ्ठ्याचा पृथ्वीगोल कापून, रंगवून चिकटवणारी मुलगी तासभर रंगून गेलेली असू शकते आणि तरी ऋतू का होतात याचा तिने क्षणभरही विचार केलेला नसतो. २०१५ नंतर महाराष्ट्रात ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून स्वतःचं ज्ञान घडवतं या विचाराची, लाट आली तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (शाळांच्या एका प्रशासकीय गटातल्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. अनेक ठिकाणी तिथल्या फरशीवरच्या आकृत्या तेवढ्या उचलल्या गेल्या. फरशी रंगली, शिकवणं होतं तसंच राहिलं.

मुलं खरोखर सहभागी झाली का, हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. बरोबर उत्तर कानावर पडण्याआधी प्रत्येक मुलाने स्वतःचं एक उत्तर ठरवलं का? आणि ते कुणाला तरी पटवून द्यायचा प्रयत्न केला का? या दोन्ही गोष्टी ३५ मिनिटांच्या तासिकेत, बाकं न हलवता आणि जवळजवळ फुकटात घडवून आणणारी एक पद्धत आहे. ती इथे तपशिलात सांगतो.

पद्धत कुठून आली

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना एक साधी चाचणी दिली. त्यात आकडेमोड नव्हती, फक्त बल आणि गती यांविषयीचे रोजच्या व्यवहारातले प्रश्न होते. जड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, अशा धर्तीचे. अवघड गणितं सहज सोडवणारी मुलं इथे चुकली. एका विद्यार्थिनीने तर विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू की मला वाटतं तशी. दोन्ही बलं समान असतात हा न्यूटनचा तिसरा नियम या सगळ्यांना तोंडपाठ होता.

१९९१पासून मझूर यांनी व्याख्यानाचे तुकडे केले. थोडं शिकवायचं, मग पर्याय दिलेला एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत द्यायचं आणि शेवटी शिक्षकांनी उलगडा करायचा. अशाच स्वरूपाच्या चाचणीत मुलांची प्रगती पहिल्याच वर्षी जवळपास दुप्पट झाली. पुढे जगभर ही पद्धत पसरली. आपल्याकडे तिला सोयीसाठी 'दोनदा मत' म्हणू.

एक फेरी, मिनिटांच्या हिशेबात

आधी सात-आठ मिनिटं नेहमीसारखं शिकवा. मग प्रश्न फळ्यावर लिहा, पर्याय अ, ब, क, ड असे. लिहिण्यात वेळ जातो म्हणून आदल्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहून आणलेला बरा, पुढच्या वर्षीही तोच वापरता येतो. प्रश्न दोनदा मोठ्याने वाचा. मग दीड मिनिट पूर्ण शांतता. कुणी बोलायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा. प्रत्येकाने आपलं अक्षर वहीच्या कोपऱ्यात लिहायचं.

हे दीड मिनिट शिक्षकांना फार जड जातं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं तिला आढळलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला उभं करतात. हा वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केला, तेव्हा उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. इथे तर आपण मुद्दाम दीड मिनिट ठेवतोय, कारण ४८ जणांनी आपापलं ठरवायचं आहे. घड्याळाकडे बघत राहा, नाहीतर वीस सेकंदांतच धीर सुटतो.

मग "एक, दोन, तीन, दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी एकाच वेळी अक्षर दाखवायचं. अर्धं मिनिट. नंतर दोन ते तीन मिनिटं शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत, आणि शेवटी तीनएक मिनिटांचा उलगडा. एका फेरीला साधारण दहा मिनिटं जातात. म्हणजे ३५ मिनिटांत दोन फेऱ्या, तिसरीच्या नादी लागू नका. हजेरी, वह्या, घंटा यांत पाच मिनिटं जातातच.

पोर्शन कसा संपणार, हा प्रश्न इथे हमखास येतो. उत्तर थोडं कडू आहे. पाठ्यपुस्तकातली प्रत्येक ओळ वर्गात वाचून दाखवायची असेल तर नाही संपणार. व्याख्या, प्रकार, उपयोग हा भाग मुलांना आदल्या दिवशी घरून वाचून यायला सांगा आणि वर्गातला वेळ फक्त मुलं जिथे अडकतात त्या जागांसाठी ठेवा. एका धड्यात अशा जागा दोन, फार तर तीन असतात. म्हणजे आठवड्याच्या सगळ्या तासिका अशा घ्यायची गरज नाही.

मत दाखवायचं कशाने

ए-फोर आकाराचा एक कागद घ्या. तो उभा आणि आडवा एकेकदा दुमडला की चार घरं पडतात. प्रत्येक घरात अ, ब, क, ड यांतलं एक अक्षर, साधारण आठ सेंटिमीटर उंच, जाड स्केचपेनने काढायचं. अक्षरांचे रंग वेगळे ठेवले तर मागच्या बाकावरचं मतही दुरून ओळखता येतं. कागद दुमडून हवं ते एकच घर पुढे धरायचं. मुलं स्वतः बनवतात, दहा मिनिटांत होतं. तेवढाही व्याप नको असेल तर बोटं आहेतच: एक बोट म्हणजे अ, चार म्हणजे ड. पण हात डोक्यावर उंच न्यायचा नाही, छातीशी धरायचा. उंच हात मागच्या सगळ्यांना दिसतो आणि हुशार म्हणून नाव असलेल्या मुलाची बोटं बघून बाकीची बोटं उघडतात.

लहान वर्गांत पाटीला तोड नाही. तिसरी-चौथीच्या मुलांनी उत्तर पाटीवर लिहायचं, पालथी ठेवायची आणि इशारा झाला की उचलायची. पाटीचा आणखी एक फायदा आहे. पर्याय दिलेले नसल्यामुळे मुलं खरोखर कोणती चूक करतात ते समोर येतं, आणि त्याच चुका पुढच्या वेळी पर्याय म्हणून वापरता येतात.

फोनची हौस असेल तर प्लिकर्स नावाची छापील कार्डं मिळतात. प्रत्येक मुलाच्या कार्डावरची नक्षी वेगळी असते, कार्ड कोणत्या बाजूने धरलं यावरून उत्तर ठरतं आणि शिक्षकांनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय निवडलं याची यादी तयार होते. शेजाऱ्याला ती नक्षी वाचता येत नाही ही त्यातली खरी सोय. बाकी शिकण्याच्या बाबतीत महागडं यंत्र आणि साधं पुठ्ठ्याचं कार्ड यांत फरक पडत नाही, असंच अभ्यासात दिसलं आहे. निधी मिळाला म्हणून मत नोंदवायचे रिमोट विकत घेण्याआधी हे लक्षात ठेवा.

प्रश्न कसा बनवायचा

पद्धतीचं यशापयश यावर ठरतं, आणि बहुतेक ठिकाणी घसरगुंडी होते तीही इथेच. 'प्रकाशसंश्लेषणाला कोणता वायू लागतो?' या प्रश्नावर चर्चा होऊच शकत नाही. येतं त्याला येतं, येत नाही तो शेजाऱ्याचं उतरवतो. वाद घालायला कारण हवं, आणि चुकीच्या पर्यायामागेही कारण असलं पाहिजे.

दशांश अपूर्णांकाचं उदाहरण घेऊ. 'सर्वांत मोठी संख्या कोणती?' असा प्रश्न आणि पर्याय ०.४, ०.३५, ०.१२५. चांगला वाटतो ना? ज्या मुलांना 'जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी' असं वाटतं, ती ०.१२५ म्हणतील आणि पकडली जातील. पण काही मुलांची समजूत नेमकी उलट असते. दशांशापेक्षा शतांश लहान, शतांशापेक्षा सहस्रांश लहान, म्हणून जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. ही मुलं ०.४ निवडतील. उत्तर बरोबर, कारण चूक, आणि शिक्षक खूश!

पर्याय बदलून ०.३, ०.४५, ०.१२६ करा. आता लांबीवर जाणारा ०.१२६ म्हणेल, उलट समजूत असलेला ०.३ म्हणेल, आणि स्थानिक किंमत खरोखर कळलेला ०.४५. एकाच प्रश्नाने तीन प्रकारची मुलं वेगळी केली. उलगडा करताना किलोग्रॅममध्ये बोला: ३०० ग्रॅम, ४५० ग्रॅम, १२६ ग्रॅम. रुपये-पैशांचं उदाहरण इथे अपुरं पडतं, कारण पैशाला तिसरं दशांश स्थळ नसतं. आणि नेहमी दोनच स्थळं पाहिल्यामुळेही मुलांच्या समजुतीत घोळ होतो.

मराठीच्या तासाला हेच व्याकरणातल्या प्रयोगांवर करून बघा. 'शिपायाने चोराला पकडले' यात कोणता प्रयोग? पर्याय कर्तरी, कर्मणी, भावे. बराच वर्ग कर्मणी म्हणेल, कारण 'कर्त्याला ने लागला की कर्मणी' असा तोडगा कुणीतरी शिकवलेला असतो. काही जण कर्तरी म्हणतील, कारण काम शिपाई करतोय. चर्चा पेटते. भावे म्हणणाऱ्या एखाद्याला कारण सांगता येतं: चोराऐवजी चोरांना म्हटलं, शिपायाऐवजी मुलींनी म्हटलं, तरी 'पकडले' हलत नाही. याउलट 'शिपायाने चोर पकडला' यात एक चोर असेल तर पकडला, अनेक असतील तर पकडले, म्हणून ते कर्मणी. ही कसोटी सरांनी फळ्यावर लिहून दिली तर पाठ होते. शेजारच्या बाकावरच्या मुलीने शब्द बदलून दाखवले की कळते.

विज्ञानात तर अशा प्रश्नांची खाणच आहे. बर्फाचं पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्यावर बाहेरून थेंब येतात, ते कुठून आले? पर्याय: पेल्यातून झिरपले, आतली वाफ कडेवरून उतरली, हवेतलं बाष्प, थंडीचंच पाणी झालं. शेवटचा पर्याय मोठ्यांना हास्यास्पद वाटतो, पण मुलं तो मनापासून निवडतात. पेल्यात रंगीत पाणी भरून बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदाने टिपले तर काय दिसेल, हा पुढचा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला तर तास सार्थकी लागला.

चुकीचे पर्याय खुर्चीत बसून सुचत नाहीत. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा, एका प्रश्नाची पंधरा-वीस चुकलेली उत्तरं एका कागदावर लिहा, त्यात दोन-तीन चुका पुन्हा पुन्हा येतात. तेच तुमचे पर्याय. 'वरीलपैकी सर्व' आणि 'यापैकी नाही' हे पर्याय टाळा, त्यावर कुणी वाद घालत नाही.

मतं पाहून पुढे काय करायचं

पहिल्या मतानंतर शिक्षकांनी एक अंदाज बांधायचा. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तर चर्चेला सोडा. ४८च्या वर्गात म्हणजे १४ ते ३४. मोजत बसायची गरज नाही. पाव वर्गापेक्षा कमी, निम्म्याच्या आसपास की पाऊण वर्गाच्या वर, एवढं नजरेने कळतं.

पाऊण वर्गाचं बरोबर असेल तर चर्चेत वेळ घालवू नका. कारण दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. पाव वर्गाचंही बरोबर नसेल तर चर्चा उलटते. बहुतेक बाकांवर बरोबर उत्तर देणारा कुणीच नसतो आणि चूक आत्मविश्वासाने पसरते. तिथे थांबून पुन्हा शिकवा, वेगळ्या उदाहरणाने, आणि मग तोच प्रश्न परत टाका. दोनदा असं झालं तर प्रश्नाचा दोष नाही, आधीच्या इयत्तेतलं काहीतरी कच्चं आहे.

पहिल्या मताचा निकाल मुलांना सांगू नका. 'बऱ्याच जणांनी ब म्हटलंय' एवढं बोललात तरी चर्चा संपली, सगळे ब कडे वळतात. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका. मुलं बाईंच्या भुवया वाचण्यात पटाईत असतात.

चर्चा

सूचना नेमकी द्या. 'चर्चा करा' म्हटलं तर मुलं एकमेकांकडे बघत बसतात. त्याऐवजी: "तुमच्यापेक्षा वेगळं अक्षर असलेला कुणीतरी शोधा. त्याला तुमचं कारण सांगा. मग त्याचं ऐका." एका बाकावर दोघे-तिघे असतात, पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं म्हणजे चौघा-पाचांचा गट झाला. पाचांच्या वर गेलं की एक बोलतो आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे अशी बैठक असेल तर दोन्हींच्या मधल्या रांगेत वेगळं उत्तर सापडतच नाही असं कधी कधी होतं, तेव्हा तेवढ्या दोन बाकांची अदलाबदल करा.

भाषेची सक्ती चर्चेपुरती सोडा. सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञानाचा प्रश्न इंग्रजीत असला तरी भांडण मराठीतच होणार, होऊ द्या. इंग्रजीतच बोला असा आग्रह धरला की वर्ग गप्प होतो आणि त्याचा अर्थ 'मुलांना कळलं नाही' असा चुकीचा लावला जातो. नंदुरबारमध्ये भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुलं आपसांत आपल्या भाषेत वाद घालतील आणि मग एखादा मराठीत सांगेल. वादात मराठी शब्द शोधत बसावं लागलं तर कारण निसटतं.

या वेळात शिक्षकांनी टेबलापाशी थांबायचं नाही. चार-पाच गटांजवळ जाऊन नुसतं ऐकायचं. बोलायचा मोह आवरा. कोणत्या बाकावर काय तर्क ऐकू आला ते लक्षात ठेवा, उलगड्याच्या वेळी तो कामाला येतो: "तिसऱ्या बाकावर असं म्हणणं होतं की वाफ कडेवरून उतरते. पेल्यावर ताटली झाकली तर?" नाव न घेता. चूक वर्गाची होते, मुलाची राहत नाही.

गोंगाट होणार. आधी वाढतो, शिगेला जातो आणि मग विषय क्रिकेटकडे वळू लागतो. वळू लागला की थांबवा, दोन मिनिटं झाली असोत वा तीन. थांबवायची खूण पहिल्याच दिवशी ठरवा: शिक्षकांनी हात वर केला की पाहणाऱ्याने हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. 'शांत बसा' असं ओरडण्यापेक्षा हे लवकर काम करतं. शेजारच्या वर्गाला आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पहिल्याच तासाला दारात कुणीतरी उभं राहतं.

दुसऱ्या मतानंतर उत्तर जाहीर करण्याआधी दोघा-तिघांना बोलतं करा. हात वर करणाऱ्यांना नाही. हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा आणि एक काढा. पण प्रश्न 'तुझं उत्तर काय?' असा नको, 'तुमच्या गटात काय काय म्हणणं झालं?' असा हवा. पहिला प्रश्न पकडल्यासारखा वाटतो, दुसऱ्याला कुणीही उत्तर देऊ शकतं.

हुशार मुलगा सांगतो, बाकीचे ऐकतात, एवढंच ना?

ही शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात ती तपासली गेली आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. मुलांनी एका प्रश्नावर मत दिलं, चर्चा केली, पुन्हा मत दिलं. मग त्याच कल्पनेवरचा पण वेगळ्या रूपातला दुसरा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवला. नुसती नक्कल केली असती तर दुसरा प्रश्न चुकला असता. तसं झालं नाही. ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, तिथल्या मुलांचीही प्रगती दिसली. बोलता बोलता आपल्या तर्कातली भोकं आपल्यालाच दिसतात.

ही युक्ती शाळेतही वापरा. आठवड्यातून एकदा, दुसऱ्या मतानंतर त्याच कल्पनेचा जुळा प्रश्न टाका आणि चर्चा न करता मत घ्या. दशांशाचा जुळा प्रश्न म्हणजे ०.७, ०.६२, ०.८५१ यांतली सर्वांत लहान संख्या कोणती? लांबीवर जाणारा ०.७ म्हणेल, उलट समजूत असलेला ०.८५१, आणि बरोबर उत्तर ०.६२.

व्यापक पुरावाही आहे. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते, सहभागाच्या वर्गांत सुमारे २२ टक्के. हे आकडे महाविद्यालयांचे आहेत, सातवीच्या वर्गाला ते जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र तीच आहे.

२०१९चा हार्वर्डमधला एक अभ्यास प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. तिथे सहभागाच्या तासातली मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान, ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः अडखळत विचार केला की न कळलेलं टोचतं. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत मुलं कुरकुर करतील, 'सर, तुम्हीच सांगा ना' म्हणतील, एखादे पालक शाळेत येऊन विचारतील की शिकवत का नाही. मुलांना हे आधीच सांगून टाका: डोकं दुखल्यासारखं वाटेल, ते चांगलं लक्षण आहे. पालक सभेत एक फेरी पालकांवरच घेऊन बघा, पेल्यावरच्या थेंबांची. आयांमध्ये आणि बाबांमध्ये जुंपते.

गुण आणि परीक्षा

मताला गुण देऊ नका. एक गुण ठेवला तरी मुलं विचार करायचं सोडून शेजाऱ्याकडे बघू लागतात आणि तुम्हाला मिळणारी माहिती खोटी होते. आकारिक मूल्यमापनाला नोंद हवी असेल तर वहीच्या मागच्या पानावर मुलांकडून तीन ओळी लिहून घ्या: माझं आधीचं उत्तर, आताचं उत्तर, का बदललं किंवा का नाही बदललं. रोज ४८ वह्या तपासायच्या नाहीत. आठ उचला, दुसऱ्या दिवशी पुढच्या आठ. सहा दिवसांत वर्ग होतो.

परीक्षेचं मात्र टाळता येत नाही. मुलं फार व्यवहारी असतात. वर्गात कारणं विचारली आणि पेपरात 'व्याख्या लिहा' एवढंच आलं, तर दिवाळीपर्यंत चर्चा थंडावते. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे ओळखलं होतं. तिथे मुलं चौघांच्या गटांत प्रयोग करत, निरीक्षणं मांडत, त्यावर वाद घालत, आणि परीक्षेला पुस्तक-वही सोबत नेण्याची मुभा असे. पाठांतर विचारायचंच नाही म्हटल्यावर वहीची भीती कशाला? २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. एकटा शिक्षक वार्षिक परीक्षा बदलू शकत नाही, पण घटक चाचणीचा पेपर त्याच्या हातात असतो. २० गुणांत निदान ५ गुणांचा एक प्रश्न 'एका मुलाने असं उत्तर लिहिलं, त्याचं कुठे चुकलं ते सांगा' अशा धर्तीचा ठेवला तरी वर्गातल्या चर्चेला वजन येतं.

कुठे चालत नाही

पाढे, शुद्धलेखन, अक्षर वळवणं, भूमितीच्या रचना, नकाशात ठिकाणं दाखवणं: इथे सराव लागतो, मतदान नाही. अगदी नव्या धड्याच्या पहिल्या तासालाही नको. ज्या विषयाची तोंडओळखच नाही, त्यावर मुलं अंदाजपंचे मत देतात आणि मग आपल्या अंदाजाला चिकटून बसतात. इतिहासात सनावळीवर प्रश्न करू नका, कारणांवर करा, आणि तिथे एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात हे आधी सांगा.

सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. सहावी-सातवीतही काही मुलांना फळ्यावरचा प्रश्न सलग वाचता येत नाही. ती कुणाचं तरी कार्ड बघून कार्ड उचलतात आणि मतांच्या गर्दीत दिसतच नाहीत. म्हणून प्रश्न दोनदा मोठ्याने वाचायचा, पर्याय छोटे ठेवायचे, जमेल तिथे चित्र काढायचं. आणि एखादं मूल दर वेळी उशिरा, इकडे-तिकडे बघून कार्ड उचलताना दिसलं तर त्याच्याशी या विषयावर नाही, वाचनावर वेगळं काम करायचं. त्याच्यासाठी दुसरी तासिका काढावी लागते, ही फेरी त्याला पुरणार नाही.